सात बनियनी आणि एक खुंटी

आमच्या अनसिंगच्या कबड्डी टीमचे किस्से मी सुरू केले की बायको चहाचा कप ठेवते आणि सरळ शेजारी निघून जाते. तिची चूक नाही. हे किस्से धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यासारखे आहेत. एकाची बाही ओढली की दुसऱ्याचा गळा बाहेर येतो आणि बघता बघता सगळी बाज भरते! तेव्हा जरा सरकून बसा.

आमचं अनसिंग वाशिमजवळचं, आणि वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं आणि आम्ही उघड्या अंगाने कबड्डी खेळत होतो. चड्डी ज्याची त्याची. एकाची खाकी, एकाची जुन्या पायजम्याची. आमच्या वाशिमकडच्याच मालेगावच्या स्पर्धेत आम्हाला बजावलं गेलं, "पुढच्या वर्षी युनिफॉर्म नसेल तर एंट्री नाही!"

कॅप्टन पुंडलिकने बाजारातून लाल कापड आणलं आणि आमच्या गावच्या रहमानचाचा टेलरपुढे टाकलं. चाचांनी कापड मोजलं, मग आम्हाला मोजलं. "सात बनियनी निंगते. आठवी नाही निंगत."

खेळणारे सातच. आठवा नामदेव, राखीव गडी. आमच्यापेक्षा वयाने मोठा, दोन लेकरांचा बाप. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबायचा आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर.

तोच पटकन म्हणाला, "मले कायले पाह्यजे? मी तं बसूनच राह्यतो."

"पुढच्या खेपेले पयली तुले," कॅप्टनने शब्द दिला. नामदेव हसला. पण दुकानातून निघताना त्याने ते लाल कापड दोन बोटांत धरून पाहिलं. मी मागेच होतो, मला दिसलं.

* * *

पाठीवर नंबर हवेत, असाही नियम निघाला. कॅप्टनने चाचांना सांगितलं, एक ते सात टाका.

आता खोटं कशाला बोलू? त्याच संध्याकाळी मी एकटाच चाचांकडे गेलो. म्हटलं, "चाचा, माह्यावर एक नंबर टाका. कोनाले सांगू नोका."

चाचा भला माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मॅचच्या सकाळी गाठोडं सोडलं तर सातही बनियनींवर पांढराशुभ्र १!

"तू कायले गेल्ता बे चाचाकडे?"

"अन् तू कायले गेल्ता?"

आम्ही कॅप्टनकडे वळलो, तर तो स्वतःची बनियन घाईघाईने पाठीमागे लपवत होता.

मैदानावर पंचांनी शिट्टी मारली, "एक नंबर बाद!" सातही जण जागेवर ठाम.

"अहो, एक नंबर, बाहेर व्हा!"

"कोन्ता एक नंबर, साहेब?"

पंच आमच्या मागून फिरले, सातही पाठी वाचल्या आणि डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. "बाबांनो, नावं सांगा." आम्ही टोपणनावं सांगितली. मैदानावर आम्हाला दुसरी नावं आठवतच नव्हती!

* * *

आता ती नावं. पुंडलिक म्हणजे 'फाटक'. त्याने हात पसरले की समोरच्याची वाट बंद. गजानन म्हणजे 'भोंगा'. त्याने "कबड्डी कबड्डी" सुरू केलं की मैदानाबाहेर बांधलेले बैल कासरे तोडायचे. एकदा आमची मॅच थांबली ती पावसाने नाही, बैल शोधायला प्रेक्षक निघून गेले म्हणून!

मी 'चष्मा'. त्याचं पुढे सांगतो.

आणि नामदेव 'खुंटी'. खेळायला उतरताना आम्ही सातही जण आपापले सदरे काढून त्याच्या खांद्यांवर टाकायचो. हे नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही. मी ठेवलं नसावं, अशी आशा आहे.

* * *

चाचांनी कापड "एकदम पक्का कलर" म्हणून शिवलं होतं. पहिल्या मॅचला घाम आला आणि पक्का कलर निघाला फिरायला! आमच्या चड्ड्या लाल, पाय लाल, धूळही लाल.

समोरच्या टीमचा एक गडी चढाई करून परतला आणि भोंग्याकडे बोट दाखवून ओरडला, "याले हात लागला! गडी बाद!"

भोंगा छाती ठोकून म्हणाला, "आईची आन! शिवलाच नाही."

त्या गड्याने शांतपणे पंचांपुढे बोटं धरली. चारही बोटं लालभडक! आमचीच बनियन आमच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागली! भोंगा बाहेर जाऊन बसला.

* * *

आता माझं. चढाईला जाताना मी चष्मा काढून नामदेवकडे द्यायचो. एकदा मालेगावच्या टीमवर चढाई केली, दोघांना शिवलो, झटापटीत दोन गिरक्या बसल्या आणि मोकळं दिसलं तिकडे जीव खाऊन पळालो. रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले!

नामदेवचा आवाज आला, "अरे चष्म्या, तिकडं अनसिंग नाही बे, मालेगाव हाय!"

मी त्यांच्याच मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर विजयी मुद्रेने उभा होतो.

* * *

मॅच संपली की घामट बनियनींचं गाठोडं नामदेवच्या घरी जायचं. त्याची बायको, कौसावैनी, सातही धुवायची. आम्हाला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि लाज वाटते.

तिला प्रत्येक बनियन ओळखू यायची. ही फाटकची, ही भोंग्याची. वाळत घालताना ती दर वेळी नवऱ्याला एकच विचारायची, "यातली तुमची कोन्ती हो?"

"सातीच्या साती माह्या!" नामदेव म्हणायचा.

तीन वर्षं तो हेच म्हणत होता. पुढची खेप काही आली नाही.

* * *

मग मालेगावची फायनल. बरोबरीत चाललेल्या मॅचमध्ये फाटकचा पाय मुरगळला. त्याने रेषेबाहेर बसून बनियन काढली आणि फेकली, "खुंटी, उतर!"

नामदेवच्या खांद्यांवर सात सदरे. ते कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. "दे इकडं," म्हणत फाटकने ते स्वतःच्या खांद्यावर घेतले. नामदेवने बनियन इतकी सावकाश घातली की पंचांना दोनदा शिट्टी मारावी लागली.

शेवटची चढाई आली तेव्हा आमच्यातले मी आणि नामदेव दोघेच उरलो होतो. मला कुणी पाठवणार नव्हतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

नामदेव गेला. कोपऱ्यातल्या गड्याला शिवला, वळला, मध्यरेषा हातभर उरली आणि मागून एकाने त्याची बनियन पकडली! कपडा धरणं म्हणजे फाऊल, पॉइंट आमचा. पंचांनी शिट्टी ओठांना लावली. नामदेवने फक्त "कबड्डी" म्हणत राहायचं होतं.

तो थांबला. मागे वळून कळवळून म्हणाला, "बनियन सोड ना, बाप्पा! मले धर!"

त्या गड्याने घाबरून बनियन सोडली. पण दम तुटला होता. नामदेव बाद, एका पॉइंटने फायनल गेली.

फाटक लंगडत आला. त्याचा राग आम्हाला माहीत होता, म्हणून मी मधे उभा राहिलो. नामदेव बनियन काढायलाच लागला होता. "घे, कॅप्टन. एक टाका बी नाही उसवला."

फाटकने त्याच्याकडे पाहिलं, मग बनियनीकडे. अर्धी वर गेलेली बनियन त्याने धरून खाली ओढली. "राहू दे आंगात. घरी जायपर्यंत राहू दे."

आम्ही आपापले सदरे उचलले आणि एस.टी.त बसलो. दिवेलागणीला अनसिंगच्या स्टँडवर उतरलो, तर गाठोडं न्यायला कौसावैनी उभी होती. तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जवळ येऊन बनियनीची कड हातात धरली.

"जिंकले काय?"

नामदेवने तोंड उघडलं. त्याच्याआधी आम्ही सातही जण एका दमात ओरडलो, "जिंकलो!"

"मंग ही आज धुत नाही मी," कौसावैनी म्हणाली.