वाणाचा डबा

विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कचऱ्याचा कायदा म्हणजे शरयूकाकू. ओल्यात सुका टाकणाऱ्याची त्या जिन्यातच खरडपट्टी काढायच्या. मीही बोलणी खाल्ली आहेत.

याच काकूंना मधुमेह होता, आणि तो त्यांनी चोरीसारखा लपवला होता. 'आम्हाला गोडाचं काही होत नाही' असं जन्मभर मिरवलेलं, आता सांगणार कोणत्या तोंडानं? इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया घंटागाडीत वेगळ्या द्याव्यात, तर कुणीतरी विचारणारच. म्हणून संक्रांतीच्या वाणासाठी आणलेल्या डब्यांपैकीच एकात त्या सुया साठवू लागल्या.

हळदीकुंकवाच्या गडबडीत नेमका तोच डबा शेजारच्या अश्लेषाच्या हाती गेला. तिला नुकतेच दिवस गेले होते. घरी जाताना डबा खुळखुळला. काकूंनी हलवा घातला असेल, म्हणून तिनं न बघताच हात घातला आणि सुई बोटात घुसली.

दवाखान्यातून परतली ती रडतच जिन्यात आली. "डॉक्टर म्हणतात, सुया कुणाच्या ते कळलं तर त्यांचं रक्त तपासता येईल. नाहीतर मलाच औषधं घ्यावी लागतील. पोटात बाळ आहे हो माझ्या!"

सुया दुकानातूनच आल्या असणार, म्हणून सगळ्याजणी डब्याच्या दुकानदाराच्या नावानं खडे फोडू लागल्या. "सोडू नका त्याला," शरयूकाकू म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं.

अश्लेषाचा नवरा वरद दुकानदाराला जाब विचारायला गाडी काढू लागला, तेव्हा कुठे काकू कठड्याला धरून खाली बसल्या.

"थांब रे वरद. माझ्या आहेत त्या."

मला इतका राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघवेना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काकूंचं रक्त तपासलं, अश्लेषाचंही. देवाच्या कृपेनं काही निघालं नाही. आता काकू सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरतात, झाकणाला चिकटपट्टी लावतात, वर 'वापरलेल्या सुया' असं ठळक लिहून बाटली घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी देतात. कचऱ्यावरून कुणाला बोलत मात्र नाहीत.

यंदाच्या संक्रांतीला त्यांनी प्रत्येकीला डबा उघडून, आत दाखवून दिला. अश्लेषापुढेही तसाच रिकामा डबा धरला. तिच्या कडेवरच्या लेकीनं त्यात घालायला हात पुढे केला आणि अश्लेषानं तो झटकन मागे ओढला. लगेच ती ओशाळून हसली, "सवयीनं हो काकू."

काकूंनी मान हलवली. झाकण लावायला मात्र त्यांना जमेना.