ईआरमध्ये अडकलेलं

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! शाहूपुरीतल्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो. डॉक्टरांनी नुसती दोन अक्षरं लिहिली तरी पूर्ण शब्द मी सांगणार, अशी आपली ख्याती. निदान माझ्या मते.

आमची लेक अस्मिता इथंच विद्यापीठात पेशींवर संशोधन करते. परवा दुपारी तिचा मेसेज आला, 'अजून ईआरमध्येच. बाहेर पडायचं लक्षण नाही. सर, मॅडम दोघंही बघतायत. जेवायला थांबू नका.'

ईआर म्हणजे इमर्जन्सी रूम. अपघाताचा पेशंट आमच्याकडं आधी तिथंच नेतात. फोन लावला, तर ती उचलेना. आमच्या ईआरमध्ये पळत गेलो, तिथं ती नव्हती. जवळपासच्या हॉस्पिटलांत विचारलं, तिथंही नाही.

मग घाबरून मी बिद्रीला थोरल्या भावाला, आण्णाला, फोन केला. आण्णाला अर्धं सांगितलं तरी पुरतं. रक्त लागलं तर असावं म्हणून तो तालमीतली पोरं जीपमध्ये भरून आला. त्यांच्या अंगाची तांबडी मातीसुद्धा पुसलेली नव्हती. पोरीला नेलं तरी कुठं, हे विचारायला आमची ही वरात थेट विद्यापीठात.

प्रयोगशाळेचं दार ढकललं, तर अस्मिता सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली. फोन बाहेर पिशवीत.

"कुठं लागलंय तुला?" मी दारातूनच ओरडलो.

"मला? कुठं काय?"

"मग ईआरमध्ये कोण अडकलंय?"

"प्रोटीन," ती म्हणाली.

तिच्या सरांनी समजावलं. पेशीतही एक ईआर असतं, अवघड नावाचं, जाळ्यासारखं. तिथं प्रोटीन तयार होतं आणि त्याची घडी नीट बसली तरच पुढं सुटतं.

आण्णाला लगेच पटलं. "म्हंजे आमच्या कारखान्यागत की. साखर तयार हाय, पण पास झाल्याबिगर गेटाभाईर न्हाय."

अगदी तसंच, सर म्हणाले. प्रोटीन नेमकं कुठं अडकतं हे त्यांना आज पहिल्यांदाच दिसलं होतं. एका आजाराचं मूळ तिथं असावं. ते सोडवता आलं, तर औषधाची वाट सापडेल. मग त्यांनी आम्हालाही बघायला बोलावलं. काळ्याभोर अंधारात हिरवं जाळं लकाकत होतं. पैलवान पोरं रांगेनं, श्वास रोखून बघत होती. अस्मिताचा चेहरा असा खुललेला मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. ज्या मेसेजपायी मी गावभर रडत फिरलो, ती तिची आनंदाची बातमी होती.

निघताना सरांनी मी काय करतो ते विचारलं. आण्णानं छाती फुगवून सांगितलं, "डॉक्टरकीतलं सगळं कळतंय त्याला." मी घाईघाईनं पोरांना जीपमध्ये बसवायला लागलो.

तेव्हापासून अस्मिता मला जपून लिहिते. कालचा मेसेज बघा, 'बाबा, एटीएममध्ये आहे. एटीएम म्हणजे पैसे काढायचं मशीन. आण्णांना कळवू नका.'