गिलाव्याच्या आतल्या बाजूला

मी सिव्हिल इंजिनिअर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

कासार आंबोलीत, पौड रोडपासून थोडं आत, आम्ही दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं. दीड हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यांना ओल. गावातले गवंडी महादूमामा म्हणाले, "सायेब, शिमिट नगा लावू. चुना लावा. भितीला दम घ्याया जागा पायजे." मी हसलो. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, तो वाळल्यावरच राहायला आलो. शहाणा ना मी!

ओल परत आली. पण फक्त माझ्या चार वर्षांच्या इराच्या कॉटशेजारी, ताटाएवढा डाग. तिला खोकला लागला, झोपेत धाप लागायची. कॉट दुसऱ्या भिंतीला सरकवली — आठवड्यात डाग तिथे. तिसऱ्या भिंतीला... तिथेही, बरोबर उशीच्या उंचीवर. आसपास पाण्याचा पाइपसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, घर सोडा. मेघानं, माझ्या बायकोनं, बॅगा भरल्या. लेकीचा श्वास ऐकत बसायचो आणि मला भीती वाटायची.

घर सोडण्याआधी शेवटचा उपाय म्हणून, भर एप्रिलात मामांना बोलावून गिलावा फोडायला घेतला. डागावरचा पहिला तुकडा निघाला. मामांनी तो उलटा करून पाहिला आणि छिन्नी खाली ठेवली. भिंतीकडच्या बाजूला लहान मुलाच्या पंजाचा ठसा होता.

"जुन्या लिंपणावर कुणाचा हात उमटलेला असेल, त्याचाच छाप," मी म्हणालो.

"तसं आसतं तर हितं फुगीर आलं आसतं, सायेब. ह्यो खोल हाय. गिलावा वला आसताना आतनं दाबलाय कुणीतरी."

तिन्ही डागांमागे तेच. बाकी गिलावा कोरा. आणि तो ओला होता तेव्हा इराची कॉट घरात आलीही नव्हती!

मग चुन्याचा गिलावा केला. भिंती कोरड्या झाल्या, इराचा खोकलाही गेला. एवढ्याचं कारण मी तुम्हाला समजावून सांगू शकतो. पंजांचं नाही.

भिंतीला दम घ्यायला जागा हवी, हे मामांचं बोलणं इराच्या कानावर कधीच पडलेलं नाही. तरी परवा जेवताना ती म्हणाली, "बाबा, आता तिला श्वास घेता येतो."

कुणाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मेघालाही नाही.