खंडोबाच्या ओट्यावरचा आरोपी

पोलिसाच्या नोकरीत दंगली पाहिल्या, गोळीबार पाहिला, पण त्या दुपारी घाबरलो तेवढा कधी घाबरलो नाही.

तेव्हा माझी नेमणूक पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला होती. मेंढ्या मक्यात शिरल्या म्हणून सकाळी भांडण झालं आणि शेतमालकाच्या तरुण मुलानं मेंढपाळाच्या एकुलत्या एका पोराच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. पोरगा जागीच गेला. आम्ही गुन्हा दाखल केला, पंचनामा उरकला, नाकाबंदी लावली. आरोपी फरार.

मला खरी धास्ती मेलेल्या पोराच्या बापाची होती. हा मेंढपाळ तरुणपणी कुऱ्हाडीशिवाय बोलत नसे. दोघांना कायमचं अधू करून जेलात जाऊन आलेला. सुटल्यावर मात्र त्यानं खंडोबापुढं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली होती, की यापुढं कुणावर हात टाकणार नाही. रोज देवाचा ओटा झाडायचा, खाली मान घालून चालायचा. पण जेलातून आलेले बरेच जण देवाला लागतात; आमच्या खात्यात त्याला कुणी फारसं मोजत नाही.

दुपारी एका दूधवाल्याचा फोन आला. "साहेब, जल्दी या! मेंढपाळ म्हाताऱ्याच्या कुत्र्यांनी शेतमालकाच्या पोराला मक्यातून हुडकून काढलं. म्हातारा त्याला वढत घेऊन गेला. कुठं ते न्हाई मालूम. हातात कुऱ्हाड हाय!"

मेंढपाळाचा धाकटा भाऊ प्रेत ताब्यात घ्यायला ठाण्यातच बसला होता. त्याला आत घेतलं. दम दिला, तरी तो भिंतीकडं बघत "मला काय बी न्हाई मालूम" एवढंच म्हणत राहिला. दुःखातल्या माणसाला दरडावून काही हाती लागत नाही. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

"आज पुतण्याला खांदा देशील. उद्या भावाला फासावर बघशील का?"

त्यानं भिंतीवरची नजर माझ्याकडं वळवली. "गायरानातल्या खंडोबाकडं नेलंय, साहेब. मघाशी भावाचा फोन आलता, म्हणला, कुणाला सांगू नको."

जीप गायरानाकडं पिटाळली. रस्ता संपला तिथून आम्ही पळत सुटलो. ओट्यावर तो तरुण आडवा पडलेला दिसला. वाटलं, उशीर झाला.

जवळ गेलो तर तो हुंदके देत होता. अंगावर ओरखडाही नव्हता. त्याच्याकडं पाठ करून मेंढपाळ देवळाच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता.

"बाबा, कुऱ्हाड कुठंय?"

"हिरीत टाकली. जवळ असती तर हातानं ऐकलं नसतं."

"याला इथं का आणलं?"

"घरी नेला असता तर भावकीनं तुकडे केले असते. मी बी देवाला घडी घडी इचारलं, मारू का? त्यो न्हाई म्हणला. मला मारायचंच होतं, साहेब. पण त्याचं ऐकायचं कबूल केलंय. याला घेऊन जा जल्दी. माझा भरवसा न्हाई."

पुढं रीतसर तपास झाला, आरोपीला शिक्षा झाली. देवाला लागलेला माणूस आतून शांत होत असेल, अशी माझी समजूत होती. तो माणूस शांत नव्हता. त्याच्या अंगात तोच जुना राग होता, फक्त त्यानं मालक बदलला होता; आता तो रागाचं नाही, देवाचं ऐकत होता.

मलाही एकच मुलगा आहे. त्या जागी मी असतो, कमरेला पिस्तूल असतं, तर मी कुणाचं ऐकलं असतं? भीती वाटते ती याच प्रश्नाची.