धर्मा सुताराचा उलटा सवाल

चौलच्या वाड्यांमध्ये धर्मा सुताराच्या फजितीच्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या बहुतेक त्यानं स्वतःच पसरवल्या होत्या. दुसऱ्यानं हसण्याआधी आपणच आपल्याला हसून घ्यावं, म्हणजे निदान कुठं हसायचं ते आपल्या हातात राहतं, असं त्याचं म्हणणं. देवळाच्या पारावर बसला की तो सांगे, देवानं मला हात दिले सुताराचे आणि डोकं दिलं दिवाणाचं, दोघांची अजून ओळख झालेली नाही.

हात मात्र खरोखर चांगले होते. चौलापासून नागावपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीगणिक विहिरीवर रहाट. बैल गोल फिरतो, त्याच्या ओढीनं लाकडी चाक फिरतं, मातीच्या गाडग्यांची माळ विहिरीत उतरते, भरून वर येते आणि पन्हळात पाणी ओतते. चाकाचे दात झिजले की धर्माला बोलावणं यायचं. तो आला की दुपारपर्यंत रहाट सुरळीत चालू लागायचा. त्याच्या स्वतःच्या घराचं मागचं दार मात्र लग्न झाल्यापासून नीट लागत नव्हतं. बायको सगुणा त्याबद्दल आधी रोज बोलायची, मग आठवड्यानं बोलायला लागली. धर्माला वाटलं, चला, सवय झाली तिला.

एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमाराला भाऊसाहेब नावाचे एक गृहस्थ मुंबईच्या कचेरीतून पेन्शन घेऊन चौलला राहायला आले. एकटा जीव. सोबत पुस्तकांच्या पेट्या, आणि त्या पुस्तकांतून निघालेला एक ठाम विश्वास की रंधा मारण्याची जशी रीत असते तशी विचार करण्याचीही असते, आणि ती कुणालाही शिकता येते. मुंबईत त्यांचं कुणी ऐकलं नसावं. इथं त्यांच्या वाडीचा रहाट निम्मंच पाणी द्यायला लागला आणि तो दुरुस्त करायला धर्मा आला. ऐकणारा आयताच मिळाला.

धर्मानं चाक बघितलं, माळ बघितली, गाडगी बघितली. कुठं फुटकं नाही, कुठं तुटकं नाही. भाऊसाहेब विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, बाहेरून बघू नकोस, तूच गाडगं हो. धर्माला वाटलं, उन्हानं झालं असेल. पण गिऱ्हाईकाचं मन मोडू नये म्हणून तो डोळे मिटून गाडगं झाला. खाली गेला, भरला, वर आला, कलंडायच्या बेताला आला, आणि नेमकं त्याच वेळी पन्हळाचा काठ त्याच्या बरगडीला लागला. त्यानं डोळे उघडले. पन्हळ चार बोटं वर बसलं होतं. गाडगं त्याला आपटत होतं आणि पाणी परत विहिरीत पडत होतं. पन्हळ खाली घेतलं आणि पाणी पहिल्यासारखं वाहू लागलं.

पहिल्याच डावात यश आलं, हेच त्याचं दुर्दैव. एकदा चुकला असता तर माणूस वाचला असता.

त्यानंतर तो रोज भाऊसाहेबांकडे जाऊ लागला. नव्या नव्या रीती शिकू लागला. वस्तू होऊन बघायचं, ही एक रीत झाली. दुसरी अशी की अडचण आली की वेडगळातले वेडगळ उपाय आधी काढायचे, त्यांना हसायचं नाही, आणि मग त्यांतून कामाचा निवडायचा. निवडण्याचा भाग धर्माला फारसा कधी जमला नाही. काढण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मागच्या दारातून कुत्रं येऊन भाकऱ्या पळवतं, दार एवढं बसवून द्या, असं सगुणा एकदा म्हणाली. दार बसवणं हे कुठल्याही सुताराला सुचलं असतं. धर्मा कुत्रं झाला. भर दुपारी आपल्याच परसात चार पायांवर उभा राहून तो हवेत वास घेत होता, तेव्हा शेजारच्या वाडीची मालकीण आवडाबाई कुंपणावर धुणं टाकायला आली. तिनं बघितलं आणि धुणं तसंच घेऊन ती परत गेली. धर्माचा निष्कर्ष असा निघाला की कुत्रं दारासाठी येत नाही, भाकरीसाठी येतं. म्हणून त्यानं भाकरीचं शिंकं कप्पीवर चढवलं, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. पहिल्याच दिवशी दोरी सुटली आणि भाकऱ्यांची टोपली कुत्र्याच्या पुढ्यात उतरली. हा किस्सा पारावर त्यानं इतक्या रंगात सांगितला की पुजारी आरतीला उशिरा गेला.

सगुणाही हसली होती तेव्हा. हे सांगायला हवं, कारण तिला हसणं माहीत नव्हतं असं पुढं कुणी समजू नये.

मग गोदू जन्मली आणि पाळणा आला. सगुणानं नुसतं म्हटलं की दिवसभर पाळण्याला झोका देऊन खांदा दुखतो. तिला वाटलं होतं, हा दोन झोके देईल. धर्माच्या डोक्यात रहाट फिरू लागला. आवडाबाईची विहीर त्याच्या घराच्या भिंतीला लागूनच होती. तिचा बैल सकाळभर फिरतोच आहे, तर त्याच फिरण्यात पाळणा का हलू नये? त्यानं रहाटाच्या आसाला एक खुंटी ठोकली, भिंतीतून दोरी आत घेतली आणि पाळण्याला बांधली. बैल चालला की पाळणा हलू लागला, अगदी मंद, आईनं द्यावा तसा झोका. आख्खी आळी बघायला आली. भाऊसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी धर्माला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पुढं माघात एका सकाळी तो विहिरीवर आसाला तेल देत असताना नारळाची वाळलेली झावळी सुटली आणि बैलाच्या पाठीवर आली. बैल उधळला. चाक गरगरलं, भिंतीतली दोरी ताणली गेली, आणि आतून काहीतरी आढ्यावर आदळल्याचा आवाज आला. धर्मा धावत आत गेला. पाळणा वाशात उलटा अडकला होता. सगुणा भिंतीला पाठ लावून उभी होती आणि गोदू तिच्या छातीशी होती. क्षणभरापूर्वीच तिनं पोरीला उचललं होतं.

धर्मानं पोरीकडे बघितलं, मग वर पाळण्याकडे बघितलं आणि म्हणाला की दोरीला थोडी ढील ठेवायला हवी होती.

संध्याकाळी पारावर त्यानं हे सगळं सांगितलं. बैल कसा पळाला, पाळणा कसा उडाला, पोरीला भूक अगदी वेळेवर कशी लागली, आणि आपण आत जाऊन दोरीबद्दल काय बोललो, हेसुद्धा. लोकांची हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी बायकांनी विहिरीवर सगुणाला तीच गोष्ट परत सांगितली. आठवड्याभरात ती रेवदंड्यापर्यंत गेली.

शिमग्याला सगुणाचा भाऊ नामा न्यायला आला. तिचं माहेर खाडीपलीकडे, हबसाणात म्हणजे जंजिऱ्याच्या मुलखात, नांदगावला. ती गेली. पालखी झाली, रंग झाला, चैत्र लागला, आणि ती आली नाही.

धर्मानं आधी आपल्या चुलतभावाला, तुळशीरामला, आणायला पाठवलं. तो जेवून परत आला. मग आवडाबाईला पाठवलं. ती आमसुलं घेऊन परत आली. मग धर्मा रीतीला बसला. वेडगळ उपाय भराभर निघाले. आपल्याला ताप आहे असा निरोप पाठवला, तर तिकडून काढ्याची मुळी आली आणि ती उगाळायची कशी तेही कळवलेलं होतं. गाय दूध देत नाही असा निरोप पुन्हा तुळशीरामाबरोबर पाठवला, तर निरोप आला की गाय विकून टाका. लाकडाची एक सुरेख बाहुली करून पाठवली, ती ठेवून घेतली. घरात चूल तो स्वतः पेटवी, भात करपवी आणि पारावर करपलेल्या भाताची गोष्ट सांगे. लोक हसत. घरी परत आलं की मात्र त्याला आत जायला नको वाटे. बायको कायमची गेली की काय, पोर आपल्याला ओळखेल की नाही, या विचारानं तो बाहेर ओट्यावरच बसून राही. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं त्याला काही सापडेना.

शेवटी एका सकाळी तो भाऊसाहेबांकडे गेला. भाऊसाहेब म्हणाले की एक रीत अजून राहिली आहे. सवाल सुटत नसेल तर तो उलटा करायचा. बायको कशी येईल हे विचारू नकोस. ती कधीच येऊ नये म्हणून काय काय करावं लागेल, ते सांग.

धर्मा खूश झाला. हा सवाल सोपा होता. तो एकेक बोट दुमडत सांगू लागला. तिला आणायला स्वतः कधी जायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं. ती काही मागेल तर ते सोडून दुसरंच करून द्यायचं. खोटं आजारपण कळवायचं. ती घाबरली असेल तर आपण दोरीकडे बघायचं. मग तिच्या घाबरण्याची गोष्ट करून गावाला हसवायचं. आणि तिला काय झालं होतं, ते कधी विचारायचं नाही.

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. तो थांबला तेव्हा एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हाताचं एक दुमडलं होतं. भाऊसाहेब चष्मा पुसत होते. ते म्हणाले, ‘‘मी पाठ थोपटली होती रे तुझी.’’

धर्मा त्याच सकाळी निघाला. रेवदंड्याला तरीच्या होडीत बसला, खाडी ओलांडली आणि पुढं समुद्राच्या कडेनं चालत नांदगाव गाठलं. वाटेत सवयीनं डोक्यात उपाय येत होते. काय बोलायचं, कसं बोलायचं, कुठून सुरुवात करायची. एकदा तर तो सगुणा होऊन बघायला डोळे मिटणार होता, पण समोरून बैलगाडी येत होती.

सासुरवाडीच्या ओटीवर शेजारची माणसं बसलेली होती. जावई आला म्हणताच सगळे सरसावले. नामानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाला की पाळण्याची गोष्ट आम्ही लोकांच्या तोंडून ऐकली, आता तुमच्या तोंडून ऐकू द्या. आत माजघराच्या दारात सगुणा गोदूला काखेत घेऊन उभी होती. धर्मानं तोंड उघडलं. बैल, झावळी, सगळं जिभेवर तयार होतं. त्याला ते सांगवेना. ‘‘ती गोष्ट माझी न्हाय,’’ तो म्हणाला, आणि उठून आत गेला. ओटीवरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

सासू नीराबाई चुलीपाशी होती. जावयाला बघून ती म्हणाली की सगुणा पोरीला खाली ठेवतच नाही, आमच्याकडेही देत नाही, जेवतेसुद्धा एका हातानं. मग ती परसात निघून गेली.

धर्मा सगुणासमोर जमिनीवर बसला. ‘‘त्या दिवशी तुला काय झालं, ते मी इचारलंच न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आता सांग.’’

सगुणानं गोदूला दुसऱ्या काखेत घेतलं. मग पोरीच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली, ‘‘समदी म्हनतात, हिला भूक लागली होती म्हनून वाचली. भूक न्हवती लागली. रडत बी न्हवती. निजली होती. मी उगाच उचलली. उगाच.’’ तिनं पोरीला आणखी जवळ घेतलं. ‘‘मी उचलली नसती तर? त्या दिसापासनं हिला खाली ठेववत न्हाय मला. झोप लागत न्हाय. आन् पानी भराया गेलं की बाया हसतात.’’

धर्माच्या तोंडाशी एक उपाय आला. जमिनीवरचा, कडेला कापूस लावलेला पाळणा. तो त्यानं गिळला. मग दुसरा आला, तोही गिळला. आजवर त्यानं इतकं अवघड काम केलं नव्हतं. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला. ओटीवरची माणसं कंटाळून घरी गेली. तिनं शिंक्याचं सांगितलं, दाराचं सांगितलं, खोट्या तापाच्या निरोपानं ती कशी रडली आणि मग तुळशीरामाकडून खरं कळल्यावर कशी चिडली, ते सांगितलं. सांगून संपलं तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं.

‘‘आता यावर तुमची कंची रीत हाय?’’

धर्मानं खरोखर शोधून बघितलं. डोक्यात काही नव्हतं. लाज वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्याला लपवताही आलं नाही.

‘‘मला काय बी सुचत न्हाय,’’ तो म्हणाला.

 सगुणा पुढं झाली आणि तिनं गोदूला त्याच्या हातांत दिलं.

‘‘धरा हिला,’’ ती म्हणाली. ‘‘मी बोचकं बांधते.’’