कोणत्या आखाजीची फ्लॉपी

जळगावातल्या आमच्या ऑफिसात दोन खुर्च्या होत्या. जोडीदार अमेरिकेला गेल्यावर दुसरीवर मी फ्लॉप्यांचा डबा ठेवू लागलो. रिकामी खुर्ची बघवत नसे, हे त्याचं खरं कारण.

आम्ही दोघं कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी कापसाच्या वजनाचे प्रोग्राम लिहायचो. तो गेला आणि गिऱ्हाइकंही एकेक करून पांगली. उरली दोंडाईच्याची एक जिनिंग. मालकांना पावतीवर ओलाव्याची वजावट वेगळी छापून हवी होती. "दसऱ्याच्या आत द्या, नाहीतर सुरतेहून दुसरं सॉफ्टवेअर आणतो," त्यांनी स्वच्छ सांगितलं. ती जिनिंग गेली की ऑफिसला कुलूप लावायचं आणि एरंडोलला घरी जाऊन बसायचं.

काम तसं किरकोळ. पण आपण लिहितो तो प्रोग्राम वेगळा, आणि त्यापासून तयार होऊन गिऱ्हाइकाकडे चालतो तो वेगळा. पिठातून पुन्हा गहू काढता येत नाहीत, तसं तयार झालेल्यातून लिहिलेलं परत मिळत नाही. शेवटच्या फ्लॉपीवरून नवा प्रोग्राम बनवून मी दोंडाईच्याला नेला, तर तो तिथल्या जुन्या फायली उघडेचना. म्हणजे तिथे चालत होता तो दुसऱ्याच कुठल्या तरी फ्लॉपीवरून बनलेला. चालू प्रोग्रामची प्रत घेऊन मी मुकाट्याने परत आलो.

डबा उघडला आणि माझं डोकंच फिरलं. लेबलं जोडीदाराच्या हातची: कानबाई, पोळा, आखाजी. आमच्याकडे वर्षातलं सगळं सणावरच सांगतात, हा पठ्ठ्याही त्यातलाच. सण लिहायचा, वर्ष नाही! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तर चांगल्या दोन-तीन निघाल्या. फायलींवरची तारीख बघावी, तर मशिनच्या घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली. सगळ्यांवर १ जानेवारी १९८०. तो समोर असता तर नुसतं "कोणती रे?" म्हटलं असतं. तिकडे घर बदलल्यावर त्याने नवा नंबर कळवला नव्हता. त्या लेबलांवर चिडलो की त्याच्यावर, कोण जाणे.

मग एकेका फ्लॉपीवरून प्रोग्राम तयार करायचा आणि दोंडाईच्याच्या प्रतीशी ताडून पाहायचा, असं सुरू केलं. दिवसभर मशिन घरघरायचं आणि मी पडद्याकडे बघत बसायचो. चहावाल्याला तरी यातलं काय सांगणार? शेवटी आखाजीची एक फ्लॉपी तंतोतंत जुळली. "जुळली रे!" मी ओरडलो आणि वळून पाहिलं, तर खुर्चीवर डबा. फार एकटं वाटलं.

तिच्यात वजावटीचा बदल करून दसऱ्याआधी दोंडाईच्याला गेलो. या खेपेला फायली उघडल्या, वजावट वेगळी छापून आली. मालक खूश झाले. काट्यावर बसणाऱ्या नानांनी पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली. "आते बठ्ठं बराबर शे," सगळं ठीक असल्याची मान डोलवत ते म्हणाले. मग माझ्या मागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमना जोडीदार कोठे शे भाऊ? दिसना नही."

अमेरिकेला जाताना स्टेशनवर त्याने मला सांगितलं होतं, तेच मी नानांना सांगितलं. "आखाजीले येनार शे."

"आखाजीले बठ्ठा घर येतस," नाना म्हणाले आणि पुढच्या गाडीचं वजन करायला वळले.

कोणत्या आखाजीला, ते त्यांनी विचारलं नाही. स्टेशनवर मीही विचारलं नव्हतं.