घड्याळ कुणाच्या हाताला

"पडले नाही रे बाबा. उभी आहे. बोलतेय तुझ्याशी, म्हणजे जिवंतच असणार ना? कापूस झोडत होते. हो, जोरात. हळू झोडला तर फुलतो होय तो? आणि कुणाला पाठवलंस म्हणालास? किल्लीवाल्याला? अरे, त्याला कशाला पळवलंस दुपारच्या वेळी!"

थोरली फोनवर लेकाशी बोलतेय तोवर समोरचा किल्लीवाला दुकान तसंच उघडं टाकून, हातात कानस घेऊन दारात हजर. बाई धडधाकट उभी आहे हे बघून त्याला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं असावं. कारण इतकं धावत आल्यावर माणसाला काहीतरी बघायला मिळावं अशी अपेक्षा असते.

गादीकारखाना म्हणजे एक लांबट खोली. मागच्या अर्ध्या भागात थोरली जुन्या गाद्या उसवायची, दडपून चपटा झालेला कापूस ढिगाने टाकायची आणि दोन छड्यांनी झोडून त्यात जीव आणायची. पुढच्या अर्ध्या भागात, उजेडाला, धाकटी बसायची. खोळीत कापूस भरायचा, कोपरे दाबून सारखे करायचे, दाभणाने टाके घालायचे, हे काम तिचं. दोघी जावा. नवरे एकामागून एक गेले तसा कारखाना यांच्या गळ्यात पडला आणि मग गळ्यातच राहिला. वर दोन खोल्या, खाली काम. भांडायला, रुसायला आणि जेवायला दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. थोरलीचा एकुलता लेक दूरच्या शहरात नोकरीला. त्याला जन्म दिला थोरलीने, पण नाक पुसलं ते जास्त करून धाकटीने, कारण थोरलीचे हात कायम कापसाने भरलेले.

थोरलीच्या मनगटाला जे घड्याळ होतं, ते त्या लेकानेच आणलेलं. त्याला कारण किल्लीवाला. या माणसाला मोबाइलवर नव्या यंत्रांच्या बातम्या वाचायचं व्यसन. बातमी वाचायची, घाबरायचं, आणि मग दुसऱ्याला घाबरवून स्वतः हलकं व्हायचं, असा त्याचा दिनक्रम. चेहरा दाखवला की कुलूप उघडतं हे वाचल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. एकदा त्याने वाचून दाखवलं की आता गादीच झोपणाऱ्याचं घोरणं, कूस बदलणं, सगळं टिपून ठेवणार आणि सकाळी सांगणार. धाकटीने दाभण थांबवून विचारलं, खरंच का हो? थोरली म्हणाली, "गादीनं गप्प पडून राहावं. ऐकलेलं सकाळी बोलून दाखवायला लागली तर कुणाचा संसार टिकेल?" सगळे हसले, पण त्या दिवशी थोरलीच्या छड्या जरा जास्तच जोरात चालल्या.

पुढे याच माणसाने लेकाला फोनवर सांगितलं की एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक घड्याळ निघालंय. माणूस पडला की ते मुलाला कळवतं, छातीचे ठोकेही मोजतं. पुढच्या सुट्टीत लेक ते घेऊनच आला. आईच्या मनगटाला बांधलं, आपल्या मोबाइलशी जोडलं आणि म्हणाला, आता मला झोप लागेल.

झोप त्याला लागली की नाही कोण जाणे, त्याचा दिवस मात्र हराम झाला. थोरलीने छड्या उगारून ढिगावर हाणल्या की घड्याळाला वाटायचं, बाई आदळली. ते मनगटाला टोचायचं, विचारायचं, पडलात का? छड्यांच्या आवाजात आणि उडत्या कापसात तिला ते कळायचं नाही. उत्तर नाही म्हटल्यावर लेकाला निरोप. लेक ऑफिसातून उठून फोन करायचा. आईने उचलला नाही की किल्लीवाल्याला. दिवसातून किती वेळा पडणार एखादी बाई? पण प्रत्येक वेळी तो पोरगा फोन लावायचाच. नेमकी त्याच वेळी खरंच पडली असेल तर, हा विचार त्याला सोडत नव्हता.

मग त्याने हळूहळू दुसरा सूर लावला. घड्याळ चुकत असेल, पण या वयात इतकं झोडायचं कशाला? कारखाना बंद कर, माझ्याकडे ये. थोरलीने हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. म्हणाला, अजून एकदा असा निरोप आला तर मी गाडी घेऊन येईन आणि तुला घेऊनच जाईन.

हे थोरलीला लागलं. लेकाकडे जाणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. एकदा महिनाभर राहून आली होती. सून चांगली, घर चांगलं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताला काम नाही. तिथे ती सोफ्याच्या उशा उसवायच्या बेतात आली होती. शिवाय धाकटीचं काय? लेकाच्या बोलण्यात काकूचं नाव यायचं, पण कुठल्या खोलीत राहणार हे यायचं नाही.

तिने घड्याळ काढून फडताळात ठेवून बघितलं. थोड्या वेळात फोन: आई, घड्याळ काढलंस का? म्हणजे त्या मेल्याला हात लागतो, तोही जिवंत. किल्लीवाला म्हणाला, मांजराच्या पायात बांधा. धाकटी म्हणाली, मग मांजर भिंतीवरून उडी मारेल आणि तो पोलिसांना घेऊन येईल. हसता हसता थोरलीची नजर धाकटीच्या मनगटावर गेली. बारीक, शांत मनगट. दिवसभर एका जागी बसणारी बाई. दाभण आत, दाभण बाहेर.

तिथून पुढे सकाळी काम सुरू झालं की घड्याळ धाकटीच्या हाताला, काम संपलं की थोरलीच्या. लेक खूश. आई, आता निरोप येत नाही, ठोकेही शांत दिसतात. काय, झोडणं बंद केलंस? थोरली म्हणाली, हो, हल्ली शिवणावरच बसते. म्हणताना तिने धाकटीकडे पाठ केली, कारण धाकटी तोंडाला खोळ लावून हसत होती.

असे काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी लेकाचा फोन आला आणि त्याचा आवाज बदललेला होता.

"आई, बसलेली आहेस ना? बसूनच ऐक. तुझ्या छातीचे ठोके चुकतायत. मध्येच धावतात, मध्येच अडखळतात. परवा एकदा दाखवलं, मला वाटलं असेल काहीतरी. आज सकाळपासून परत परत दाखवतंय. मी उद्या सकाळी पोचतो. डॉक्टरला दाखवू आणि मग तू माझ्याबरोबर चल. आता वाद घालू नकोस."

थोरलीने फोन खाली ठेवला. पहिल्यांदा तिने आपल्याच छातीवर हात ठेवला. चोरी पचवायची सवय नसली की असं होतं. आपण कुणाच्या हाताला काय बांधलंय हेच ती विसरली. मग तिने मान वळवून धाकटीकडे बघितलं. धाकटी टाका अर्धा ओढून थांबली होती, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. हे थांबणं थोरलीने हल्ली बघितलं होतं. विचारलं की धाकटी म्हणायची, पोटात वात धरलाय. आणि थोरली म्हणायची, मग ओवा खा.

तिने सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं, कारण तिला आडवळण येत नव्हतं.

धाकटीने घड्याळाकडे असं बघितलं की जणू पाल चढलीय. पण काढलं नाही. म्हणाली, "हे घड्याळ येडं आहे असं कोण म्हणत होतं, जाऊबाई?"

एरवी ती वहिनी म्हणायची. रागावली की जाऊबाई.

"मीच म्हणत होते."

"तुमचं पडणं खोटं आणि माझे ठोके तेवढे खरे? असं कसं? येडं म्हणजे सगळीकडून येडं."

"तुला धाप लागते."

"वय झालं. जिना चढला की किल्लीवाल्यालाही लागते." तिने टाका ओढला. "मला कळवायचं नाही कुणाला. मला त्या हॉस्पिटलात जायचं नाही. तुमचा दीर तिथे चालत गेला होता."

धाकटीचा नवरा खरंच चालत गेला होता, आणि परत आला नव्हता.

संध्याकाळी किल्लीवाला आला, तर त्याच्याकडे नवी बातमी होतीच. कुठेसं एका माणसाला अशाच घड्याळाने वेळेवर जागं केलं, वाचला. थोरलीने विचारलं, आणि चुकीचं सांगून कुणाला उगाच पळवल्याची बातमी? त्याने मोबाइल वर-खाली केला. तीही होती. मग दोन्ही बातम्यांचं करायचं काय, असं तिने विचारल्यावर तो मोबाइल खिशात घालत म्हणाला, बाई, मी फक्त वाचतो.

दिवे लावल्यावर थोरलीने धाकटीचं मनगट हातात घेतलं. नाडी शोधली. सापडली, मग हरवली, मग दुसरीकडेच सापडली. नंतर आपली बघितली. झोडून झोडून तिच्या बोटांच्या टोकांची कातडी इतकी जाड झाली होती की आपली कुठली आणि हिची कुठली, तेही धड कळेना. धाकटीने हात ओढून घेतला. घड्याळ त्या रात्री थोरलीच्या हाताला होतं आणि ते काही बोललं नाही.

सकाळी लेक आला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्याने आधी आईचा हात धरला, घड्याळ बघितलं. आता बरोबर दाखवतंय, म्हणाला, पण डॉक्टरची वेळ घेतलीय, चल. काकूला म्हणाला, काकू, तूही सवड काढून ये ना आमच्याकडे. धाकटी म्हणाली, बघू.

थोरली चपला घालायला वाकली, तेव्हा तिच्या डोक्यात सगळा हिशोब लख्ख मांडला गेला. आपण डॉक्टरकडे जायचं. तो नळ्या लावणार, कागद काढणार आणि म्हणणार, या बाईला काही झालेलं नाही, घोड्यासारखं काळीज आहे. लेक घड्याळाला शिव्या घालणार आणि गटारात फेकणार. पुन्हा कुणी म्हणणार नाही, कारखाना बंद कर. सगळं आपल्या मनासारखं. काही बोलायचंसुद्धा नाही, फक्त चपला घालायच्या आणि गाडीत बसायचं. धाकटीलाही तेच हवंय.

एक चप्पल घातली. दुसरी घातली. दारापर्यंत गेली. धाकटी आपल्या जागेवर बसली होती, मान खाली, दाभणात दोरा ओवत होती. दोरा जात नव्हता. तिने तो ओला केला, परत लावला, आणि मध्येच थांबून श्वास घेतला.

"माझे नाहीत ते ठोके," थोरली म्हणाली. "हिचे आहेत. मी बांधत होते हिच्या हाताला."

लेकाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकला. मग म्हणाला, मी रोज झोपायच्या आधी ते आकडे बघायचो, आई. तुझे म्हणून बघायचो. थोरलीने मान खाली घातली नाही. म्हणाली, चुकलं माझं, ते नंतर बोल, आधी हिला ने.

धाकटी उठेना. एकदा डॉक्टरने सांगितलं की मग नाही म्हणता येत नाही, म्हणून मी जात नाही, म्हणाली. लेक तिच्यासमोर जमिनीवर बसला, कापसातच. हळू आवाजात काहीबाही बोलला. थोरलीला एवढंच ऐकू आलं की, काकू, मी आत येणार आहे तुझ्याबरोबर, दारात सोडून जाणार नाही. धाकटीने त्याच्या पँटला लागलेला कापूस झटकला. मग त्याच्या खांद्यावर भार देऊन उठली.

थोरली मागोमाग निघाली, तर धाकटी म्हणाली, "तुम्ही नका येऊ." मग चपलेत पाय घालता घालता, तिच्याकडे न बघताच म्हणाली, "दुपारी गिऱ्हाईक येईल त्या गादीला. कडेचे टाके राहिलेत. ओढून घाला. तुमचे ढिले पडतात."

लेकाने आईच्या हातचं घड्याळ सोडवलं आणि काकूच्या हाताला बांधलं. गाडी वळून गेली. किल्लीवाल्याने दुकानातून नुसती मान वर करून विचारलं, काय? थोरलीने हाताने सांगितलं, माहीत नाही.

आत येऊन तिने फोन खिडकीत ठेवला, जिथे त्याचा आवाज स्पष्ट येईल. दाभण उचललं. उजेडाच्या जागेवर बसायची तिला सवय नव्हती. मांडी कशी घालावी इथपासून अडचण. दोरा एकदाचा ओवला. पहिले काही टाके घातले, बोटाने दाबून बघितले. ढिलेच होते. तिने ते उसवले आणि गुडघ्याने गादी दाबून धरून, पहिल्यापासून ओढून घालायला लागली.